सुई, दोरा आणि सोबत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांचे पत्र आमच्या हाती आले तेव्हा त्यात ‘समाजाची प्रगती’ ह्या विषयावर दोन शब्द बोलावेत अशी सूचना होती. विषय थोर खरा. परंतु आम्ही पडलो प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षक. मॅट्रिक आणि त्यानंतरचे शिक्षकाचे प्रशिक्षण, ह्यापलीकडे आमची मजल गेली नाही. प्रगतीचा हिशेब मांडण्यास आपल्या समाजात आमच्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. तेव्हा कार्यवाहांची परवानगी घेऊन आम्ही एक अगदी लहान विषय निवडला आहे. तो विषय म्हणजे वाकळ.

आपण हसलात, ते ठीकच झाले. वाकळ ही व्यासपीठावर आणण्याची वस्तू नव्हे. पाहुणे आले की ती घडी करून आतल्या खोलीत ढकलावयाची, अशीच आपली रीत. परंतु ह्या सभागृहात चाळिशी ओलांडलेला असा एकही गृहस्थ नसेल की ज्याने लहानपणी आईच्या किंवा आजीच्या वाकळीत डोके खुपसून पहाटेची थंडी चुकविली नाही. कोणी तिला गोधडी म्हणतात, आमच्या सातारा भागात वाकळ म्हणतात. नाव कोणतेही असो, ऊब तीच.

तरुण मंडळींच्या माहितीकरिता थोडा तपशील सांगतो. आपल्या घरात पूर्वी कापड म्हणून कधी वाया जात नसे. आईचे नऊवारी लुगडे विरले की त्याच्या धडक्या भागाचा मुलीला परकर होई. परकर आखूड झाला की त्यातून तान्ह्या मुलाचे झबले, टोपरे, दुपटे निघे. कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला बोचते, जुने कापड लोण्यासारखे मऊ असते. ह्यातूनही जे उरे ते वाकळीच्या पोटात जाई, आणि वाकळ जीर्ण झाली की तिचे पोतेरे होई. शिंप्याच्या घरी ह्याखेरीज दुकानातील कातरणाचे गाठोडे असे. गावातील प्रत्येक घराच्या बंडीचा, पोलक्याचा, शाळेच्या गणवेशाचा एखादा तुकडा त्या गाठोड्यात सापडे. आमच्या वाकळीवर बोट ठेवून आई सांगे, “हा पाटलांच्या लग्नातला खण, ही तुझ्या मामाची पैरण.” गावाचा इतिहास आम्ही प्रथम वाचला तो असा, अंथरुणात पडल्या पडल्या.

फाल्गुन-चैत्रात शेतातली सुगी सरली की वाकळीचा हंगाम सुरू होई. जुने कपडे धुऊन, वाळवून, उसवून ठेवलेले असत. सारवलेल्या पडवीत खाली एक लुगडे अंथरावयाचे, त्यावर थरांवर थर सारखे पसरावयाचे, एकही सुरकुती राहू द्यावयाची नाही, वर दुसरे लुगडे घालावयाचे आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे. मग थर सरकू नयेत म्हणून लांब लांब टाचे घालावयाचे, आणि त्यानंतर खरा धावदोरा. ह्या कामास चौघीजणी लागत. आमची आई, शेजारची सुतारीण, समोरची तेलीण आणि मळ्यातली माळीण अशी आमच्या पडवीतील बैठक असे. चौघी चार बाजूंना बसत आणि कडेकडेने टाके घालीत आत सरकत. पहिल्या दिवशी एकमेकींशी मोठ्याने बोलावे लागे. शेवटच्या दिवशी चौघींचे गुडघे एकमेकींना टेकत आणि बोलणे कुजबुजीवर येई. आम्हां मुलांना पडवीबाहेर हाकलले जाई ते ह्याच सुमारास. वाकळ पुरी होताना मधली जागा शिवण्यापूर्वी आई तीत भाकरीचा कोरडा तुकडा ठेवी. “तिला उपाशी ठेवू नये,” एवढेच तिचे स्पष्टीकरण असे. मग गूळ-शेंगदाणे वाटले जात आणि दुसऱ्या दिवशी चौघी सुतारणीच्या पडवीत जमत. कारण आता पाळी तिची असे. मजुरी नव्हती, हिशेब नव्हता. परंतु चौघींच्या घरी वाकळी पुऱ्या झाल्याखेरीज हंगाम संपत नसे.

पुरुषांची बैठक दुकानात भरे. शिंप्याचे दुकान म्हणजे गावाचा कट्टाच. वडील मशीनवर, हाताखालचा पोरगा काजे-बटणे करण्यात गुंतलेला, कोळशाच्या इस्त्रीचा वास, भिंतीशी एक बाक, आणि त्या बाकावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारा कोणी तरी एक. काम असलेला माणूस कापड देऊन निघून जाई. काम नसलेला तासभर बसे. एक चहा मागवून तो दोन-तीन बशांत वाटला जाई. वडिलांचे हात कधी थांबत नसत आणि कानही कधी मिटत नसत. आम्हांस आज वाटते की ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध होता. ज्याचे हात कामात असतात त्याच्यापाशी बसावयास माणसाला संकोच वाटत नाही. रिकामा बसलेला मनुष्य आपल्या तोंडाकडे पाहतो. हातात सुई असलेला आपले ऐकतो.

ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. श्री नामदेव महाराजांच्या सोबत्यांची नावे आठवून पाहा. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार. एक मातीत राबणारा, एक मळ्यात, एक सोन्याच्या भट्टीपाशी. नामदेव महाराजांच्या पदांत आपल्या धंद्यातील गज, कातर, सुई, दोरा ही हत्यारे आली, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. पंजाबातील ज्या घुमान गावी त्यांची स्मृती आजही पूजिली जाते, तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, हे आपणांस ठाऊकच आहे. गोरोबांनी मडकी तपासण्याच्या थापटण्याने संतमंडळींची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांस कच्चे ठरविले, ही आख्यायिका आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. कीर्तनकार त्यातून गुरूचे महत्त्व सांगतात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. ज्या मेळाव्यात एक कारागीर आपले हत्यार घेऊन दुसऱ्याच्या डोक्याला हात घालू शकतो, तो मेळावा सोबत्यांचाच असला पाहिजे.

आता, बंधुभगिनींनो, आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. तीकरिताच आम्ही हा विषय निवडला.

आमच्या वडिलांनी आम्हांस मशीनच्या पायट्याला पाय लावू दिला नाही. “तू लेखणी धर,” असे ते म्हणत. त्यांची इच्छा चांगली होती. १९७६ साली आम्ही मॅट्रिक झालो. एसएससीस त्या काळी आमच्या गावी मॅट्रिकच म्हणत. पुढे प्रशिक्षण घेऊन आम्ही शिक्षक झालो. परंतु लेखणी हाती आली तसा सुईविषयी एक संकोच मनात शिरला. प्रशिक्षणाच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ ह्या रकान्यात आम्ही ‘शिवणकाम’ न लिहिता ‘कापड व्यापार’ असे लिहिले. वडिलांच्या दुकानात विक्रीचे कापड एक वारही नव्हते.

त्या प्रशिक्षणातच महात्माजींच्या नयी तालीमवर आम्ही निबंध लिहिला. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षण द्यावे असा विचार मांडला गेला, मूलोद्योगाने बुद्धी आणि हात ह्यांचा मेळ बसतो, हे सर्व आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले आणि त्यास चांगले गुण मिळविले. पुढे शाळेत कार्यानुभवाचा तास आला की आम्ही मुलींना रुमालावर फुले काढावयास सांगत असू आणि मुलांकडून फळ्यावरची गणिते करून घेत असू. चाळीस मुलांपुढे सुईत दोरा ओवून दाखविण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. कोणी विचारले असते, “गुरुजी, तुम्हांला कसे येते?” तर उत्तर द्यावे लागले असते.

ह्याहून वाईट गोष्ट १९९४ सालची. आमचा एक बालमित्र, आपल्याच ज्ञातीचा, मॅट्रिकला नापास झाला आणि बापाच्या दुकानात बसला. आम्ही दोघे एका बाकावर शिकलो, एका विहिरीत पोहलो. शाळेच्या समारंभास तालुक्याहून एक अधिकारी आले होते. मित्र आम्हांस शोधीत आला आणि “अरे, तुझा नवा सदरा तयार आहे,” असे म्हणून त्याने आमच्या खांद्यावर हात ठेवला. अधिकाऱ्यांनी विचारले, “हे कोण?” आम्ही म्हणालो, “हे आमचे कपडे शिवतात.”

वाक्य खोटे नव्हते. परंतु त्या दिवसापासून तो आम्हांस ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागला. सदरे पूर्वीप्रमाणेच शिवून देई, मापात दोऱ्याचाही फरक नसे. तक्रारीचा शब्द त्याने कधी काढला नाही. पंचवीस वर्षे आम्ही त्या दुकानावरून गेलो-आलो, क्वचित बाकावर बसलोही. परंतु ‘अरे’ पुन्हा ऐकू आले नाही, आणि ते का येत नाही हे ठाऊक असूनही आम्ही विचारले नाही.

ह्या पंचवीस वर्षांत काळही बदलला. तयार कपडे बाजारात आले. नवा सदरा शिवण्यास जी मजुरी पडावी तेवढ्यात आख्खा सदरा मिळू लागला. त्यात आपल्या लोकांचे कसब कमी पडले असे नव्हे. मित्राच्या दुकानात आता विजारी आखूड करणे, चेन बदलणे, उसवलेले शिवणे एवढेच काम उरले. घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या टिकतात पुष्कळ. परंतु त्या निसरड्या असतात, थर एकावर एक बसत नाही, आणि घाम शोषीत नाहीत. त्यांची वाकळ होते, पण ऊब तशी येत नाही. तशात बाजारातून ब्लँकेटे आली. पडव्या मोडून त्या जागी खोल्या निघाल्या. वाकळ गेली तिचे फारसे दुःख कोणास झाले नाही. परंतु तिच्याबरोबर ती चौघींची बैठकही गेली.

आमच्या पत्नीने मात्र आपल्या परीने तो परिपाठ राखला होता. शेजारच्या तिघींना जमवून ती दर उन्हाळ्यात एक तरी वाकळ घाली. २०१९ च्या उन्हाळ्यात तिने नातीकरिता एक वाकळ मांडली. नात शिक्षणाकरिता पुण्यास वसतिगृहात जाणार होती. चारी बाजूंनी वीतभर शिवण झाली आणि तिचे दुखणे सुरू झाले. त्याच वर्षी, पावसाळ्यात, ती गेली. वाकळ घडी करून ट्रंकेवर ठेवलेली तशीच राहिली. तिच्या बाजूची सुई शेवटच्या टाक्यात खोचलेली होती. नात पुण्यास गेली ती विकतचे ब्लँकेट घेऊन. शेजारणी म्हणाल्या, “आम्ही पुरी करून देतो.” आम्ही नको म्हटले. का म्हटले हे आम्हांसही सांगता आले नसते.

वर्षश्राद्ध झाले आणि त्यानंतर एके दिवशी आम्ही ती वाकळ काखेत मारून मित्राच्या दुकानी गेलो. सेवेत असताना भर बाजारातून असे जाणे आमच्याने झाले नसते. आम्ही म्हणालो, “ही मशीनवर घालून देता येईल का?” त्याने घडी उलगडली, हात फिरविला, ती सुई पाहिली आणि तो म्हणाला, “ही मशीनवर घालायची नाही, मास्तर. बसा.” त्याने सुई जपून काढली. तिला गंज चढला होता. ती कागदाच्या पुडीत बांधून आमच्या खिशात ठेवली आणि दुसरी सुई आमच्या हातात दिली.

साठी उलटल्यावर आम्ही सुईत दोरा ओवावयास शिकलो. चष्मा असूनही पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. अंगुस्तान बोटात घालूनही बोट तीनदा टोचले. मित्र म्हणे, “टाका मोठा पडतोय. पोरांना शुद्धलेखन घालत होता ना? हेही तसंच. ओळ सोडायची नाही.” पोस्टातून निवृत्त झालेले एक स्नेही आणि एस.टी.त कंडक्टर असलेले दुसरे, असे बाकावरचे दोघे चार दिवस हसले आणि पाचव्या दिवशी सुई मागून बसले. चौघे चार बाजूंना. बाजारच्या दिवशी लोक उभे राहून पाहत. एका म्हाताऱ्या बाईने तर पाटी खाली ठेवून आमचे दहा-बारा टाके उसवले आणि पुन्हा घालून दाखविले. पुढे पत्नीच्या त्या तिघी मैत्रिणीही दुपारी येऊ लागल्या. एक भाजलेल्या शेंगा आणी, एक आमच्या चुका काढी. चहा पूर्वीसारखाच वाटून होई.

दोन महिन्यांनी आम्ही मध्यापाशी आलो आणि गुडघे एकमेकांना टेकले. त्या दिवशी दुकानात आम्ही दोघेच होतो. आम्ही म्हणालो, “त्या समारंभात आम्ही जे बोललो, ते बोलावयास नको होते.” तो शिवीत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, “खोटं काय बोललास? कपडे मीच शिवत होतो की.” आणि मग, “अरे, दोरा ताणू नकोस. चुणी पडते.”

बंधुभगिनींनो, पंचवीस वर्षांनी आम्हांस तो ‘अरे’ मिळाला. नोकरीत आम्हांस मानपत्र मिळाले, शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. ह्या ‘अरे’ची किंमत त्यांहून अधिक आहे, हे आम्ही ह्या सभेपुढे प्रामाणिकपणे नमूद करतो.

वाकळीच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवण्यास आम्ही विसरलो नाही. नात ती घेऊन पुण्यास गेली. तिने फोनवर विचारले, “आजोबा, ह्यातले आजीचे टाके कोणते?” आम्ही सांगितले, “जे सरळ आहेत ते आजीचे.”

कोणी म्हणेल, ह्या जुन्या वस्तूचे एवढे कौतुक कशास? त्यास उत्तर असे की जगाने हे कौतुक कधीच केले आहे. बंगालात हिला कांथा म्हणतात. तिच्यावर जसीमुद्दीन ह्या कवीने १९२९ साली ‘नक्षी काँथार माठ’ नावाचे काव्य लिहिले आणि ते अजून वाचले जाते. बिहारात सुजनी आहे, कर्नाटकात कौदी आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची काळ्या लोकांची एक वस्ती आहे. तेथील स्त्रियांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या ज्या गोधड्या शिवल्या, त्यांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टन येथील आणि पुढे न्यूयॉर्क येथील मोठ्या कलासंग्रहालयात भरले आणि लोकांनी त्या चित्रांसारख्या पाहिल्या. आपल्या आयाबहिणींच्या हातातील गोष्ट अशी आहे.

परंतु आमचे म्हणणे संग्रहालयापुरते नाही. भिंतीवर टांगलेल्या वाकळीखाली कोणी निजत नाही. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या पूर्वजांनी हाताचे काम आणि माणसांची सोबत ह्या दोन गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या होत्या. आपण काम सोडले, ते शिक्षणाकरिता सोडले, आणि त्यात चूक नव्हती. मुलांनी डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे. कोणी पुन्हा मशीनवर बसावे असे आम्ही म्हणत नाही. चूक झाली ती कामाबरोबर कामाची लाज बाळगली ही, आणि त्या लाजेपायी सोबतीचा दोरा तोडला ही.

तेव्हा मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी हे सभागृह उघडे ठेवावे. भाषण नको, सत्कार नको, वर्गणी नको. ज्याला जे येते ते त्याने घेऊन यावे. कोणी वाकळ घालील, कोणी काज करील, कोणी विणील, कोणी नातवाचा पतंग चिकटवील. ज्यांना काही येत नाही त्यांनी सुईत दोरा ओवून द्यावा; आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना ती मदत थोडी नव्हे. चहाची व्यवस्था पहिल्या रविवारी आमच्याकडे. अध्यक्षमहाराजांनी अनुमती दिल्यास आमचा मित्र एक गाठोडे कातरण घेऊन येण्यास तयार आहे. तो मागच्या रांगेत बसला आहे. आज आम्ही जो सदरा घातला आहे तो त्यानेच शिवला आहे, आणि तो आमचा मित्र आहे. जे १९९४ साली त्या अधिकाऱ्यांपुढे म्हणावयाचे राहिले, ते आज आपणां सर्वांसमोर म्हणून आम्ही आपली रजा घेतो.

जय नामदेव.